गावाचा मुराळी

येडबाला गावात कुणी कामाचा माणूस म्हणत नसे, आणि येडबाही गावातल्या कुणाला फारसा शहाणा समजत नसे. पन्नास वर्षं झाली, दोन्ही बाजूंचं मत काही बदललं नाही.

गाव परभणीकडच्या बोरीपासून चार किलोमीटर आत. येडबा धनगराच्या घरचा. थोरल्या भावानं मेंढरं राखली, धाकट्यानं लोकांच्या शेतात मजुरी केली, आणि मधल्या येडबाच्या पायाला भिंगरी. मेंढरामागं हिंडायचा त्याला कंटाळा, कारण मेंढरं जातात तिथं एसटी जात नाही. एसटीच्या खिडकीला बसायचं, पॅसेंजरच्या दारात उभं राहायचं, अनोळखी माणसाला 'कोणतं गाव, पाव्हणं?' म्हणून विचारायचं आणि त्याच्या पुडीतली तंबाखू आपल्या तळहातावर मळायची, यात त्याचा खरा जीव. असल्या माणसाला गाव रिकामटेकडा म्हणतं. येडबाला मात्र गावानं त्यातूनच एक काम काढून दिलं. त्याला मुराळी केलं.

मुराळी म्हणजे सासरी नांदणाऱ्या लेकीला सणासुदीला माहेरी आणायला जाणारा माणूस. हे काम भावाचं, नाही तर बापाचं. पण पंचमीच्या सुमाराला शेतात खुरपणीची घाई असते आणि भावांना सवड नसते. काही भावांना तर बायको देईल तेवढीच सवड असते. येडबा विशीत असताना दिनकररावांच्या वडिलांनी आपल्या बहिणीला आणायला त्याला धाडलं. त्यानं तिला सुखरूप आणलं, वाटेत गाडी लागून तिला उलट्या झाल्या तर लिंबू शोधून आणलं, आणि घरी आल्यावर त्याचा गवगवा केला नाही. त्याच सणाला आणखी दोन घरांनी त्याला पाठवलं. पुढं रिवाजच पडला. देवगाव फाट्यापासून पूर्णेच्या पलीकडपर्यंत गावाच्या लेकी जिथं जिथं दिल्या होत्या, तिथली गाडी किती वाजता सुटते आणि कोणत्या फाट्यावर चहा प्यावा, कोणत्या फाट्यावर पिऊ नये, हे येडबाला तोंडपाठ झालं.

आता यात काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. गावालाही तसंच वाटायचं. येडबा मनातल्या मनात गावाला हसायचा.

"लेकीला आणायला बैलगाडीबी जाती," तो बायकोला, बानूबाईला म्हणायचा. "मुराळी जातो तो बघायला जातो."

आणि तो बघायचा. जेवायच्या वेळेलाच त्या घरी पोचायचं, हा त्याचा पहिला नियम. लोक म्हणायचे, धनगराला फुकटचं जेवण गोड लागतं. म्हणोत बापडे. माणसं गोड बोलतात ती ओसरीवर, पण ताट वाढताना घर उघडं पडतं. पाणी कोण देतं, वाढताना पोरीची नजर कुणाकडं जाते, सगळ्यांची जेवणं झाल्यावर टोपल्यात भाकरी उरते का नुसता फडका उरतो, हे येडबा घास चावता चावता टिपायचा. सासू समोर बसलेली असताना 'कशी हायस गं?' असं त्यानं कधी एका पोरीला विचारलं नाही. त्याला मिळणारं उत्तर गाईगुरांनाही माहीत असतं.

विचारायचं ते गाडीत. पोरीला खिडकीपाशी बसवायचं, आपण शेजारी बसायचं आणि गप्प राहायचं. गावाची शीव ओलांडली की पोर डोक्यावरचा पदर सैल करते. दुसरा थांबा आला की नाक ओढते किंवा हसते. तिसऱ्या थांब्यापासून बोलायला लागते. एसटीचा खडखडाट एवढा, की पुढच्या बाकावरच्यालाही ऐकू जात नाही. घरी आईजवळ रडायचं ते आई रडेल म्हणून पोरी गिळतात, येडबाजवळ मात्र बोलतात. मग येडबा घरी पोचल्यावर बापाला एकट्याला शेतात गाठून सांगायचं तेवढंच सांगायचा. कडूबाईच्या बापाला त्यानं एवढंच सांगितलं होतं, "पोरीला शिळं वाढायलेत, आन् मोजून वाढायलेत." बाप चार माणसं घेऊन सासरी गेला, बोलणी झाली, आणि ती कडूबाई आज तिथं सासू होऊन मिरवते. गावाला हे ठाऊक नाही. गावाला एवढंच ठाऊक, की येडबाला फिरायचा नाद आहे.

मग कोरोना आला, आणि गाव किती पाण्यात आहे ते येडबाला एका दिवसात कळलं.

विजयमाला ही माणिकरावांची लेक, देवगाव फाट्याच्या बाजूला दिलेली. सातवा महिना, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून येडबा तिला आणायला गेला. दुसऱ्या दिवशी परत निघायला बघतो तर एसटी बंद. सासरच्यांनी तोंडं फिरवली. तुमी न्यायला आलात, तुमी न्या. येडबानं कांद्याचा एक टेम्पो थांबवला, पोरीला ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि आपण पोत्यांवर बसून बोरी गाठली. पुढचे चार किलोमीटर दोघं चालले, दर झाडाखाली बसत बसत. आणि गावाच्या तोंडाशी बघतात तर रस्त्यात बाभळीच्या काट्या टाकलेल्या, आडवी बैलगाडी लावलेली, आणि गाडीपलीकडं दिनकरराव, तोंडाला उपरणं बांधून.

"मागं फिर, येडबा. गाव बंद हाय."

दिनकरराव वयानं येडबापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण त्यांच्या घराण्यात येडबाला अरे-तुरे करायची चाल होती आणि ती त्यांनी निष्ठेनं चालवली होती.

"मागं कुठं फिरू, मालक? माणिकरावची पोरगी हाय ही. दोन जिवाची हाय."

"कुणाची का असंना. भाईरून आलेलं मानूस आत घ्यायचं न्हाई. ठराव झालाय."

माणिकराव स्वतः तिथंच उभे होते, दिनकररावांच्या मागं तिसऱ्या रांगेत. लेकीनं 'अण्णा' म्हणून हाक मारली. माणिकरावांनी खाली बघितलं. ज्या बापानं मुराळी धाडला, त्याच्यानं दोन काट्या बाजूला ओढवल्या नाहीत, आणि हे गाव वर्षाला सात दिवस हरिनाम सप्ताह करतं!

विजयमाला पंधरा दिवस येडबाच्या माळावरच्या खोपीत राहिली, मेंढरांच्या जाळीशेजारी. बानूबाईनं तिचं सगळं केलं. रोज सकाळी माणिकरावांच्या घरून कुणीतरी दूध आणायचं आणि दगडावर ठेवून पळायचं, नागोबाला ठेवावं तसं. पंधराव्या दिवशी गावानं तिला आत घेतलं. पुढं मुलगा झाला, पेढे वाटले. येडबानं पेढा मेंढरासमोर टाकला आणि बानूबाईला सांगितलं, "आजपासून ह्या गावाची मुराळकी बास."

बास म्हणायची तशी गरजच उरली नाही, कारण गावानंच प्रवास करायची रीत बदलून टाकली. दुसऱ्याच्या शेजारी बसणं म्हणजे मरण, असं एकदा डोक्यात शिरलं, मग काय. ज्याला त्याला आपली गाडी हवी. घरटी एक मोटारसायकल होती तिथं दोन झाल्या. आधी एका मोटारसायकलवर चौघं बसून बोरीच्या बाजाराला जायचे आणि रस्त्यात पाचवा भेटला तर त्यालाही म्हणायचे, ये, सरक रे जरा. आता एकेक जण एकेका गाडीवर, आणि चालणारा दिसला की गाडीचा वेग वाढवायचा. सकाळची एसटी बंद पडली ती पुन्हा गावात आलीच नाही, आणि ती आली नाही हे गावाला सहा महिन्यांनी कळलं.

दिनकररावांनी तर चारचाकी घेतली, पांढरी. सीटवरचं प्लास्टिक काढलं नाही, कारण प्लास्टिक पुसता येतं. मागच्या काचेत सॅनिटायझरच्या तीन बाटल्या उभ्या. बोरीला दाढी करायला जायचं तरी गाडीतून, एकटे, तोंडाला मास्क आणि काचा वर. गाडीत एकटाच माणूस मास्क लावून बसतो तो नेमका कुणापासून वाचतो, हे कोडं येडबाला कधी सुटलं नाही. साथ ओसरली, लोक पुन्हा लग्नांत पंगतीला मांडीला मांडी लावून बसायला लागले, पण गाडीच्या काचा काही खाली आल्या नाहीत. रोग गेला आणि खोड राहिली.

त्या साथीतच दिनकररावांनी आपल्या एकुलत्या एक लेकीचं, प्रियांकाचं लग्न उरकलं. स्थळ पूर्णेच्या पलीकडचं. बघण्याचा कार्यक्रम मोबाइलवर झाला. इकडून पोरगी दाखवली, तिकडून घर दाखवलं. फोन धरणाऱ्यानं जेवढं दाखवलं तेवढं घर. लग्न पंचवीस माणसांत झालं. दिनकरराव पुढं वर्षभर सांगत होते, "कसं झटपट झालं बघा, कुठं जायचं न्हाई का यायचं न्हाई." बाजारात बैल घ्यायचा तर हा माणूस त्याचे दात मोजतो, चार पावलं चालवून बघतो. लेक द्यायच्या घरी गावातल्या एका माणसानं एक घास खाल्लेला नव्हता.

पहिल्या पंचमीला साथीचं निमित्त झालं. दुसऱ्या पंचमीला दिनकरराव स्वतः गाडी घेऊन गेले, दारात उभे राहून हॉर्न वाजवला, गाडीतून उतरले नाहीत, पाण्याला हात लावला नाही, आणि लेकीला मागच्या सीटवर बसवून फोनवर सोयाबीनच्या भावाचं बोलत घरी घेऊन आले. तिसऱ्या वर्षी म्हणाले, बायांना आता एसटीत अर्धं तिकीट हाय, तिची ती येऊ दे. त्यावर प्रियांकाच्या सासूनं, धुरपताबाईनं निरोप पाठवला, "आमच्यात सून एकली धाडत न्हाईत. मुराळी पाठवा." दिनकरराव चिडले आणि ते वर्ष तसंच गेलं. चौथ्या वर्षी त्यांनी बोरीचा बबलू ड्रायव्हर आणि आपली गाडी पाठवली. गाडी रिकामी परत आली. धुरपताबाईनं बबलूला सांगितलं होतं, "गाडी मुराळी असती का?"

बाई वाकडी होती, पण बोलली ते खरं होतं. तिला सून पाठवायची नव्हती आणि दिनकररावांनी तिच्या हातात आयतं कोलीत दिलं.

"ऱ्हाऊ दे मंग तिकडंच," दिनकरराव म्हणाले. "रोज फोनवर बोलतो मी. व्हिडिओत दिसती. चांगली हाय. उगं कामून जायचं एवढं?" आणि बबलू बसला होता म्हणून गाडीत फवारा मारायला गेले.

दोन वर्षं लेकीला डोळ्यांनी बघितलं नव्हतं. पंचमी तीन दिवसांवर आली तेव्हा तिची आई, पार्वतीबाई, दुपारच्या वेळी माळावर येडबाच्या खोपीशी आली. दिनकररावांची बायको धनगराच्या दारात कधी आली नव्हती. ती आली आणि बसलीही नाही.

"मामा, तुमी जाता का प्रियांकाला आणायला? ह्यांना सांगितलं न्हाई मी. लेकरू फोनवर बोलतं, पण मला काय करमंना. काई तरी हाय."

"मी मुराळकी सोडली, बाई," येडबा म्हणाला. "मालकाला ठावं हाय कामून सोडली. त्या काट्या त्यांच्याच व्हत्या."

पार्वतीबाईचे डोळे भरले. तिनं पदर लावला आणि वळली. ती वाटेला लागल्यावर बानूबाईनं हातातलं वासराचं दावं खाली टाकलं.

"मुराळीपण बापासाठी असतंय का लेकीसाठी? त्या दिवशी तो काट्या लावून उभा राह्यला, आता तू लाव. मंग तुझ्यात आन् त्याच्यात काय फरक ऱ्हायला?"

येडबाला दिनकररावांशी झालेली बरोबरी काही सोसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला आणि निघाला.

बोरीपर्यंतच्या चार किलोमीटरांत सात मोटारसायकली आणि दोन चारचाक्या गेल्या. येडबानं प्रत्येकीला हात केला. त्यातल्या पाच जणांना त्यानं लहानपणी खांद्यावर घेतलं होतं. एकही थांबला नाही. पंच्याहत्तर वर्षांचा म्हातारा चालत गेला आणि जाता जाता एकेकाच्या बापाचा उद्धार करत गेला. पुढं मात्र बरं होतं. आधार कार्डावर त्याचा जन्म एक जानेवारीचा होता, जसा त्याच्या वयाच्या सगळ्या गावाचा आहे, आणि पंच्याहत्तरीनंतर त्या कार्डावर एसटी फुकट. गाडीत सगळ्या बायाच, अर्ध्या तिकिटाच्या, सणाला निघालेल्या. पुरुष आपापल्या गाडीवर एकेकटे गेले आणि एसटी बायांच्या नावावर झाली, हे बघून येडबाला मनापासून आनंद झाला. परभणीहून पॅसेंजर धरून तो पूर्णेला उतरला आणि पुढं ऑटो करून बरोबर जेवायच्या वेळेला दारात उभा राहिला.

"कोण पाव्हणं?" धुरपताबाईनं विचारलं.

"दिनकररावांच्या गावचा मुराळी. येडबा."

तिनं पटक्यापासून वहाणांपर्यंत बघून घेतलं. "घरचं मानूस न्हवतं का पाठवायला?"

"तुमी मुराळी मागितला. मुराळी हाय मी, पन्नास वर्सांचा. तुमच्या दारातून परत गेलेली गाडी न्हाई मी. पाणी द्या."

पाणी प्रियांकानं आणलं. त्याला बघून तिचे ओठ नुसतेच हलले. रंग उतरलेला, हाताच्या शिरा वर आलेल्या. येडबानं तिच्याकडं नीट बघितलंही नाही, ताट येईपर्यंत थांबला. ताट आलं. नवरा, रामहरी, भिंतीला टेकून बसला. धुरपताबाई प्रियांकाच्या डाव्या अंगाला बसली होती. तिथून ती म्हणाली, "वरण वाढ." प्रियांका ढिम्म. "अगं, वरण वाढ!" तरी नाही. तिसऱ्यांदा धुरपताबाईनं उलथनं तव्यावर आपटलं, तेव्हा प्रियांका दचकली आणि अख्खी मान उलट्या बाजूनं फिरवून, उजवा कान पुढं करून बघायला लागली. रामहरी जमिनीकडं बघत होता.

येडबानं मेंढरं राखली नव्हती, पण मेंढरांत जन्म गेला होता. कान नासलेली मेंढी कशी मान फिरवते ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं मोडलेला घास परत ताटात ठेवला आणि ताट एक वीत पुढं सरकवलं.

"जेवा की," धुरपताबाई म्हणाली.

"जेवतो. पोरीची पिशवी दारात आली की जेवतो."

"अशी घाई असती का? चार दिस ऱ्हावा. तिला बरं न्हाई. पंचमी झाल्यावर बघू."

"ऱ्हातो की. पण उपाशी ऱ्हातो."

आणि तो ताट घेऊन ओसरीवर येऊन बसला, रस्त्याकडं तोंड करून, ताट मांडीसमोर ठेवून. मुराळी दारातून उपाशी गेला तर त्या घराची बेअब्रू सात गावांत होते, आणि सणाच्या तोंडावर झाली तर ती वर्षभर पुरते, हे धुरपताबाईला पक्कं ठाऊक होतं. तिनंच मुराळी मागितला होता. येडबानं तोंडातून एक वाकडा शब्द काढला नाही. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला तो 'राम राम' घालत होता, आणि प्रत्येक जण ताटाकडं बघून थांबत होता.

"काय हो पाव्हणं, जेवंना का?"

"मुराळी हाय. पोरीची वाट बघायलोय."

अर्ध्या तासात समोरच्या ओट्यावर सहा बायका जमल्या. एक बोडकी म्हातारी काठी टेकत थेट अंगणात आली. "धुरपते, मुराळी उपाशी ठेवती का गं? पंचमीला? नाग घरात शिरंल नागोबाच्या शापानं!" धुरपताबाईनं रामहरीकडं बघितलं. रामहरी उठून आत गेला. थोड्या वेळानं पिशवी आली आणि पिशवीमागं प्रियांका आली.

"आठ दिसात परत आणून घाला," धुरपताबाई म्हणाली.

येडबा जेवायला बसला. वरण गार झालं होतं. त्यानं ते परत गरम करायला लावलं, आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

पूर्णेहून गाडी हलली तेव्हा त्यानं प्रियांकाला खिडकीत बसवलं आणि नेहमीच्या रीतीनं आपण शेजारी बसला. "झोप आली का गं?" म्हणून विचारलं. ती बाहेर बघत राहिली. मग त्याच्या ध्यानात आलं, तो तिच्या डाव्या बाजूला होता. तो उठला आणि त्यानं दोघांच्या जागा बदलून घेतल्या. आता तो खिडकीत आणि ती त्याच्या डाव्या हाताला.

मिरखेल गेलं आणि ती बोलायला लागली. गेल्या वर्षीच्या धुळवडीला रामहरी पिऊन आला होता. भाकरी करपली एवढं निमित्त. एकच थप्पड, पण थेट कानावर बसली. रक्त आलं. सासूनं गरम तेल ओतलं आणि शेजारणींना सांगितलं, पोरगी न्हाणीत पडली. आठ दिवस कानात नुसती घंटा वाजत होती, मग घंटा थांबली आणि सगळंच थांबलं. पिंगळी आली तरी ती बोलत होती, तिच्या आवाजाला चढ नाही का उतार नाही.

"बापाला न्हाई सांगितलंस?" येडबानं विचारलं.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. येडबा समजला, बापाला घोर नको म्हणून पोरीनं लपवलं असेल. पोरी असंच करतात, आणि बापांना तेच सोयीचं पडतं. त्याला एवढा संताप आला, की परभणी येईपर्यंत त्यानं तंबाखूची पुडी हातात घेऊन नुसती चुरगाळली.

बोरीपासून दोघं चालतच निघाले. हात करूनही कुणी थांबलं नाही. अर्ध्या वाटेत मागून एक पांढरी गाडी आली, काचा वर, आणि चिखल उडवत पुढं गेली. प्रियांकानं पदरानं तोंडावरचा चिखल पुसला.

"अण्णांची गाडी हाय," ती म्हणाली.

"व्हय," येडबा म्हणाला. "चालणाऱ्याकडं बघायची सवय ऱ्हायली न्हाई मालकाला."

घरी पोचले तेव्हा दिनकरराव अंगणात गाडी धूत होते. पार्वतीबाई दारातून धावत आली आणि तिनं लेकीला मिठी मारली. दिनकरराव पाईप हातात घेऊन तसेच उभे, आधी लेकीकडं आणि मग येडबाकडं बघत. आपल्याला न विचारता हे कुणी केलं, ते त्यांना कळेना. शेवटी लेक आली याचा आनंद आत कुठंतरी झाला असावा, कारण त्यांनी मास्क खाली ओढला.

"कशी आलीस गं? सांगायचं तरी. गाडी पाठवली असती," ते म्हणाले. ते लेकीच्या डाव्या हाताला उभे होते. प्रियांका आईच्या खांद्यावर हात ठेवून तशीच घरात निघाली.

दिनकररावांचा चेहरा उतरला. मग पारा चढला. "बघितलं का? बाप बोलायलाय आन् वळून बघंना. सासरचा माज हाय हा!"

"मालक," येडबा म्हणाला, "त्या बाजूनं जाऊन बोला. डावा कान गेलाय तिचा. नवऱ्यानं फोडला. दीड वर्ष होत आलं."

"काई बी काय बोलायलास?" दिनकररावांचा आवाज चिरकला. "मी रोज बोलतो तिच्याशी फोनवर! चांगलं ऐकू येतंय तिला!"

"फोन उजव्या कानाला असतोय, मालक."

पार्वतीबाईनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिचे केस मागं सारून कान बघितला. कानाला बाहेरून काहीच झालेलं नव्हतं. ती तिथंच उंबऱ्यावर बसली. दिनकरराव पाईप टाकून पुढं आले. या वेळी ते उजव्या बाजूनं आले.

"मला कामून सांगितलं न्हाई? अं? बापाला सांगायचं न्हाई का?"

"सांगायला लागले होते की, अण्णा," प्रियांका म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. म्या चोरून फोन केला होता. तुमी गाडीत होतात. म्हणलात, गाडी चालवायलोय, घरी गेल्यावर करतो."

"मंग? केला असंल की मी!"

"केला तुमी. सांजच्याला. तव्हा ते बाजूला बसले होते."

दिनकररावांनी गाडीच्या दाराला हात लावून आधार घेतला. त्यांचं तोंड बघून कुणालाही कीव आली असती. येडबाला आली नाही.